पुडी न उघडता

गोव्याकडून मुंबईला निघालेली गाडी इन्सुलीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात शिरते, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली मागे टाकते आणि खारेपाटणला पुन्हा थांबते. हा जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तपासणी नाका. त्यापुढे राजापूर तालुका, म्हणजे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. इथे सापडणारा नेहमीचा माल म्हणजे गोवा बनावटीची दारू. ती कधी मासळीच्या क्रेटखाली असते, कधी आंब्याच्या पेट्यांमागे, तर कधी टेम्पोच्या हौद्यात पत्रा ठोकून केलेल्या चोरकप्प्यात. पण दारू शोधणे त्यातल्या त्यात सोपे. बाटली बाटलीसारखी दिसते, खोक्याला वजन असते, हलवले की आवाज येतो. अमली पदार्थांचे तसे नाही. मेफेड्रोन, ज्याला रस्त्यावर आणि पोलीस ठाण्यातही एमडी म्हणतात, ते ५० ग्रॅमच्या वर गेले की कायद्याच्या लेखी व्यापारी प्रमाण होते आणि शिक्षा किमान दहा वर्षे सक्तमजुरीची. ५० ग्रॅम पूड टाल्कमच्या लहान डब्यात मावते.

अशी पूड डबा न उघडता, पुडी न फोडता, तिचा एक कणही न खर्चता ओळखता येते का, या प्रश्नाभोवती हे पुस्तक लिहिले आहे. बऱ्याच वेळा येते. कधी येत नाही, आणि यंत्र चुकले तर कोणाला काय भोगावे लागते, हे पुढच्या प्रकरणांत आले आहे. प्रस्तावनेत विषयाची तोंडओळख करून द्यायची, तर ती खारेपाटणातून करून द्यावी असे मला वाटते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची दखल घेणे हे या गावाचे फार जुने काम आहे.

विजयदुर्गच्या खाडीतून गलबते आत येत तेव्हा खारेपाटण हे बंदर होते. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचून त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यातून हाती लागली, म्हणून इतिहासकारांना तो मोलाचा वाटतो. मला त्यातली जकातीची तरतूद मोलाची वाटते. अव्वेश्वराच्या देवळासाठी राजाने परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक लावून दिला, कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण, आणि चेमूल्य व चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्यातले चांदोर, येथील जहाजांना त्यातून वगळले. कोणते जहाज कुठून आले हे ओळखणारा माणूस धक्क्यावर असल्याशिवाय अशी तरतूद अमलात येत नाही. पुढे खाडी गाळाने भरली, बंदर बसले, वाहतूक रस्त्यावर आली आणि ओळखणारा माणूसही धक्क्यावरून रस्त्यावर आला. रट्टराजाच्या माणसाला जहाज कुठले एवढे कळले की पुरे होते. आजच्या शिपायाला पुडीत काय आहे ते कळावे लागते.

आणि हा प्रश्न आता फक्त रस्त्याचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, मुरुड, केळशी, कोळथरे या किनाऱ्यांवर भरतीबरोबर चरसाची पाकिटे वाहून आली. सीमाशुल्क खात्याने आणि पोलिसांनी दिवसेंदिवस किनारे धुंडाळून एकंदर अडीचशे किलोच्या आसपास चरस गोळा केला. चरसाचे व्यापारी प्रमाण एक किलो आहे. कोकणच्या वाळूत कोणीही पाय घालावा आणि तिथे पाकीट लागावे, अशी ती स्थिती होती. पहिली पाकिटे ज्यांना दिसली त्यांच्यापैकी कोणी कुतूहलाने एखादे घरी नेले असते तर? अशा माणसाचे काय व्हायचे, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

नाक्यावर आज संशयित पूड ओळखायची ती थेंबांनी. तपासणी पेटीत लहान कुप्या असतात. चिमूटभर पूड घ्यायची, त्यावर रसायन टाकायचे, रंग पाहायचा. फॉर्माल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणाने हेरॉइन जांभळे होते, ॲम्फेटामाइन नारिंगी. कोबाल्ट थायोसायनेटने कोकेन निळे होते. पद्धत स्वस्त आहे, जलद आहे, तिने उपयोगही पुष्कळ झाला आहे. पण रंग पदार्थाचे कूळ सांगतो, नाव सांगत नाही. कोकेनला येणारा निळा रंग ॲलर्जीवरच्या डायफेनहायड्रामिनसारख्या औषधालाही येऊ शकतो. संध्याकाळच्या उजेडात, बॅटरीच्या पिवळ्या झोतात, हा रंग निळा की निळसर हे ठरवणारा माणूस थकलेला असतो. शिवाय पुडी उघडली ती उघडलीच. वाऱ्यावर पूड उडते, हातमोज्याला लागते, एका पुडीची दुसरीत मिसळते, आणि पुढे बचाव पक्षाचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.

यावर उपाय प्रकाशाचा आहे, आणि त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना आढळले की, एका रंगाचा प्रकाश पदार्थावर पडून विखुरतो तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. रेणूतले अणू सतत थरथरत असतात. प्रकाशकण त्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन जातो किंवा तिच्याकडून घेऊन जातो, आणि तेवढ्याने त्याचा रंग सरकतो. असे ढोबळमानाने कोटी कणांत एकाचे होते. पण तो एक कण रेणूची बांधणी सांगून जातो. कोणता बंध किती वेगाने थरथरतो हे रेणूरेणूत वेगळे असते, त्यामुळे सरकलेल्या रंगांच्या रेघांचा नकाशा, म्हणजे त्या पदार्थाचा रामन वर्णपट, दुसऱ्या पदार्थाशी सहसा जुळत नाही. १९३० मध्ये रामन यांना या शोधासाठी नोबेल मिळाले. लेसर, बारीक गाळण्या आणि संवेदनशील शोधक आल्यावर हे उपकरण हातात मावू लागले. आज पोलीस आणि सीमाशुल्क अधिकारी जगभर अशी हातयंत्रे वापरतात. त्यांतली बरीचशी ७८५ नॅनोमीटरच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या लाल कडेच्या लेसरवर चालतात.

पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून ही यंत्रे सहज वाचतात. अडचण येते ती पांढऱ्या, अपारदर्शक वेष्टणाची. तिथे यंत्राला वेष्टणच दिसते. ही गाठ २००५ च्या सुमारास इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत पावेल मातूशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. लेसर एका जागी टाकायचा आणि परतणारा प्रकाश तिथेच न टिपता काही मिलिमीटर बाजूला टिपायचा, एवढीच ती युक्ती. प्रकाश वेष्टणात शिरून आतल्या पुडीत भटकतो आणि भटकत बाजूला बाहेर येतो. जो जास्त खोल गेला तो जास्त दूर निघतो. म्हणून दूर टिपलेल्या प्रकाशात आतल्या मालाचा वाटा जास्त असतो. दोन्ही वाचने एकमेकांतून प्रमाणात वजा केली की वेष्टण गळून जाते आणि माल उरतो. युरोपातल्या विमानतळांवर बाटलीबंद द्रव न उघडता तपासायला ही पद्धत वापरात आली.

हे जवळून कसे दिसते ते सांगतो. समोर गोळ्यांची पांढरी जाड प्लास्टिकची बाटली आहे, आत पूड. यंत्राचे नाक बाटलीला टेकवून कळ दाबायची. पहिल्या वाचनात १०६३, ११३०, १२९६ आणि १४४० प्रति सेंटिमीटरच्या जवळच्या रेघा उभ्या राहतात. या पॉलिथिनच्या रेघा. हे वाचन थांबले तर यंत्र 'प्लास्टिक' एवढेच सांगेल. मग लेसर बाजूला सरकतो, दुसरे वाचन होते, वजाबाकी होते. आत कोकेन हायड्रोक्लोराइड असेल तर १००० च्या जवळ बेंझिनच्या कड्याची टोकदार रेघ, १६०० च्या आसपास दुसरी आणि १७०० च्या थोडी पुढे एस्टरची तिसरी, अशा रेघा वर येतात. यंत्र त्या आपल्या साठ्यातल्या हजारो वर्णपटांशी ताडून पाहते आणि पडद्यावर नाव येते. साधारण मिनिटाभराचे काम. बाटलीचे झाकण फिरलेले नाही, पूड जशीच्या तशी आहे, मोहोर लावायला मोकळी आहे. नाव खडीसाखरेचे निघाले तर बाटली तिच्या मालकाच्या हातात परत जाते आणि त्याची गाडी पुढे जाते.

ही शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. २०१५ साली महाराष्ट्रात एका पोलीस कर्मचाऱ्याकडून शंभर किलोहून अधिक पांढरी पूड मेफेड्रोन म्हणून जप्त झाली. राज्यभर खळबळ उडाली, अटका झाल्या. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालावरून ती अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. त्या प्रकरणात कोण दोषी, कोण निर्दोष, यात मी जात नाही. रसायन मात्र स्पष्ट आहे. मेफेड्रोनच्या रेणूत बेंझिनचे कडे आहे, ग्लुटामेटच्या रेणूत ते नाही. दोन्हींच्या वर्णपटांत गल्लत होण्याचे कारण नाही. जी शंका निरसायला अहवालाची वाट पाहावी लागली, ती जप्तीच्या दिवशीच पंचांसमोर निरसता आली असती. कमी-जास्त प्रमाण काहीही असो, जामीन मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न पुडीच्या नावावर लोंबकळत असतो. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातल्या कलम ३७ मुळे जामीन अतिशय अवघड. पोलिसांच्या भाषेत 'सीए रिपोर्ट' म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येईपर्यंत माणूस आत असतो. त्याचे आंब्याचे सीझन जाते, बोट किनाऱ्याला उभी राहते, घरच्यांना गावात तोंड दाखवायची चोरी होते.

दुसऱ्या बाजूने तस्करही बसून राहिलेले नाहीत. न्हावा शेवाच्या बंदरात गेल्या काही वर्षांत जे सापडले त्यावरून त्यांच्या डोक्याची चाल कळते. ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो हेरॉइन सापडले ते बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत, आयुर्वेदिक मालाच्या नावाखाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांत ५० किलो कोकेनच्या विटा होत्या. हे झाले आड लपवणे. त्यापुढची पायरी वेगळी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा शेवालाच ज्येष्ठमधाच्या मुळ्यांचा वीस टनांवर माल पकडला गेला. त्या मुळ्यांवरच हेरॉइनचा लेप होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुजरातच्या पिपावाव बंदरात सुताच्या गाठी सापडल्या. हेरॉइनच्या द्रावणात सूत भिजवून, वाळवून, गाठी बांधून ते पाठवले होते. इथे लपवलेली वस्तू आणि लपवणारी वस्तू एकच झाली. क्ष-किरण यंत्रात सूत सुतासारखेच दिसते. बाजूला टिपण्याच्या युक्तीलाही इथे फारसा वाव नाही, कारण वजा करायला वेगळे वेष्टणच उरलेले नाही. तिथे मालाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेचाच रस्ता धरावा लागतो. आड लपवलेले शोधणे आणि अंगात मुरवलेले शोधणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात ते बहुधा एकाच वाक्यात येतात, म्हणून या पुस्तकात ते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत.

यंत्राच्या मर्यादा इथेच संपत नाहीत. धातूच्या डब्यातून प्रकाश जात नाही. काळे वेष्टण लेसर शोषून घेते आणि तापते. चरस, गांजा आणि तपकिरी हेरॉइन, ज्याला मुंबईत गर्द म्हणतात, लेसर पडताच इतके चकाकतात की रामनच्या बारीक रेघा त्या चकाकीत बुडून जातात. १०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरला तर चकाकी कमी होते, पण संकेतही क्षीण होतो. म्हणजे दापोलीच्या किनाऱ्यावर जे वाहून आले, त्यासाठी हातयंत्र हा पहिला उपाय नव्हेच. गांजाला तर माणसाचे आणि कुत्र्याचे नाक अजूनही जास्त भरवशाचे आहे. बंद वेष्टणाआडचे ओळखणाऱ्या दुसऱ्या एका तंत्राचे, टेराहर्ट्झ लहरींचेही, तसेच. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी बंद पाकिटातल्या मेथॲम्फेटामाइन, एमडीएमए आणि ॲस्पिरिनच्या पुड्या या लहरींनी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. टपालासाठी ही पद्धत आशादायक आहे. पण टेराहर्ट्झ लहरी पाण्यात शोषल्या जातात, हवेतल्या वाफेतही. जुलैमधली खारेपाटणची हवा आणि बर्फ वितळत असलेला मासळीचा ट्रक डोळ्यांपुढे आणला की त्या यंत्राची जागा कुठे आहे ते कळते.

सर्वात नाजूक मर्यादा भेसळीची आहे, कारण तिथे विज्ञान आणि कायदा एकमेकांना छेदतात. गल्लीत विकल्या जाणाऱ्या हेरॉइनमध्ये पॅरासिटामॉल आणि कॅफीन मिसळलेले असते. शंभर ग्रॅम पुडीत हेरॉइन पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर हातयंत्र 'पॅरासिटामॉल' असे नाव दाखवून मोकळे होऊ शकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात सांगितले आहे की, प्रमाण ठरवताना भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे यंत्राच्या नजरेतून निसटणारी ती पुडी कायद्याच्या नजरेत शंभर ग्रॅम हेरॉइनची आहे. यंत्राचा नकार म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, आणि यंत्राचा होकार म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. साठ्यात नसलेल्या पदार्थाला यंत्र नाव देऊ शकत नाही, हेही यातच आले. मेफेड्रोनचा समावेश अमली पदार्थांच्या यादीत २०१५ मध्ये झाला. यादी आणि साठा दोन्ही सतत अद्ययावत ठेवावे लागतात, आणि ते काम कोणीतरी नावानिशी अंगावर घ्यावे लागते.

मग नाक्यावर या यंत्राचा उपयोग काय? माझे मत स्पष्ट आहे. १९८५ च्या कायद्यातले कलम ५२-अ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा मोहनलाल निकाल यांनी नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्याचा दंडक घातला. त्यामागचा हेतू एवढाच की, जप्तीपासून न्यायालयापर्यंत माल तोच राहावा, त्याला कोणाचा हात लागू नये. पुडी न उघडता घेतलेले वाचन या हेतूशी सुसंगत आहे. पंचनाम्यात वर्णपट वेळेसह जोडला, मोहोर नंतर लावली आणि दंडाधिकाऱ्यांसमोर मोहोर तोडण्याआधी पुन्हा तेच वाचन घेतले, तर वाटेत माल बदलल्याचा आरोप आणि माल बदलण्याचा मोह, दोन्हींना आळा बसेल. अंतिम पुरावा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचाच राहील, आणि तो तसाच राहावा. वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट यांच्या तपासणीत नमुना खर्ची पडतो, पण भेसळीतला अर्धा टक्काही तिथे दिसतो. नाक्यावरच्या यंत्राने त्या प्रयोगशाळेकडे जाणारी निरर्थक पाकिटे कमी केली, तरी खरोखर तातडीचे अहवाल लवकर येतील.

ही यंत्रे महाग आहेत, आणि सरकारी खरेदीत ती आधी विमानतळांना आणि मोठ्या बंदरांना जातात. त्यामागचे कारण मला मान्य आहे. पण मुंबई आणि गोवा यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा, त्यातला हा एक महामार्ग, जिल्ह्यातल्या त्याच्या दोन टोकांना इन्सुली आणि खारेपाटण, इतकी सोयीची रचना महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. या दोन नाक्यांना एक-एक यंत्र मिळावे, दर पाळीत ते चालवायला शिकलेला एक माणूस असावा, आणि यंत्राने काय सांगितले व प्रयोगशाळेने नंतर काय सांगितले याची नोंदवही जिल्ह्याच्या पातळीवर उघडी ठेवावी. या तिन्हींतली नोंदवही सर्वात स्वस्त आहे आणि मला तिचीच सर्वात जास्त आस आहे. यंत्र कितीदा चुकले हे लिहून ठेवलेले नसेल तर ते कितीदा बरोबर ठरले या दाव्याला किंमत नाही.

झडतीचा अधिकारही या यंत्राने वाढत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. बाटली न उघडता वाचता येते म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येकाची बाटली वाचावी असे होत नाही. संशयाला कारण लागते, ते लेखी असावे लागते, आणि अंगझडतीची वेळ आली तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० ने प्रत्येकाला दिलेला आहे. नाक्यावर थांबवलेल्या माणसाला तो हक्क आधी सांगायचा, यंत्र नंतर काढायचे.

हे पुस्तक पोलीस, वकील, रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि ज्यांची गाडी कधीतरी नाक्यावर थांबेल असे सगळे, यांच्यासाठी आहे. ज्यांना रेघा आणि तरंगलांब्या यांत रस नाही त्यांनी त्या खुशाल ओलांडाव्यात. मात्र यंत्राच्या चुकांवरचे प्रकरण कोणी ओलांडू नये, आणि ज्यांच्या हातात हे यंत्र दिले जाणार आहे त्यांनी तेच प्रकरण सर्वांत आधी वाचावे, ही विनंती.